पाठीवर मी लिहून देईन

दहा महिने मी माझ्या नवऱ्याची पाठ पाहिली नव्हती. चाळीस वर्षांचा संसार, त्यातली एकोणतीस वर्षं अमेरिकेत, ईडन प्रेरीच्या याच घरात, आणि पाठ बघायची चोरी! अंघोळीला गेले की आतून कडी. शर्ट बदलायचा तर गेस्ट रूममध्ये जाऊन, पाहुण्यासारखा. एकदा मी चुकून दार ढकललं तर केवढ्यांदा ओरडले, "शोभा, बाहेर थांब!" मी थांबले.

आमचे हे, म्हणजे राजाराम, रिटायर झाल्यापासून सायकलवेडे. गेल्या सप्टेंबरात भर दुपारी एका गाडीनं मागून उडवलं. रस्त्यावरून फरफटत गेले. पाठीची सालपटं निघाली, डॉक्टरांनी मांडीची कातडी काढून तिथे लावली. गाडीवाला पोलिसाला म्हणाला, "आय डिडन्ट सी हिम." पोलिसानं तेवढंच लिहून घेतलं आणि विषय संपला. सहा फुटांचा माणूस, अंगात पिवळं जॅकेट, आणि म्हणे दिसला नाही!

बरं, मला पाठ दिसायची बंदी, पण मालिनीला नाही. मालिनी म्हणजे ह्यांची फिजिओथेरपिस्ट. मूळची नागपूरची, वय छप्पन्न, नवरा नाही, पोट तर अजिबात नाही. आठवड्यातून दोनदा ती ह्यांच्या पाठीला तेल लावून ते व्रण मऊ करायची. मी बाहेर बसून जुनी मासिकं चाळायची. दार उघडलं की आतून हसण्याचे आवाज. घरात ह्या माणसाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं, आणि तिच्यापुढे विनोद! "खूप छान करून राहिले हं काका," असं ती मला सांगायची. काका म्हणे! तिच्यापेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठे.

उपचार संपले तरी मालिनी संपली नाही. तिनं ह्यांना परत सायकलवर बसवलं. मी म्हटलं, "अहो, एकदा जिवावर बेतलं ना? आता बास." तर मला म्हणाले, "मालिनी म्हणते, भीती अंगात मुरू द्यायची नाही." मालिनी म्हणते. नाश्त्याला मालिनी म्हणते, जेवताना मालिनी म्हणते. दर रविवारी दोघं तिच्या सायकल ग्रुपबरोबर तळ्याला फेऱ्या मारायचे आणि मी कांदेपोहे करून वाट बघायची. हो, जळत होते मी. बासष्टाव्या वर्षी सोळाव्या वर्षासारखी जळत होते, आणि सांगणार कुणाला?

जुलैतल्या एका शनिवारी दुपारी हे म्हणाले, "आज मिनिआपोलिसला राइड आहे. सायकलस्वारांच्या सेफ्टीसाठी. उशीर होईल." आणि गाडीला सायकल अडकवून गेलेसुद्धा. ह्यांचा आयपॅड ओट्यावर तसाच उघडा राहिला होता. मी दुसऱ्याचे मेसेज वाचत नाही. पण समोर टिंग वाजून अक्षरं उमटली तर डोळे काय मिटून घ्यायचे?

मालिनीचा मेसेज होता. "कपडे ऑप्शनल, हेल्मेट कंपल्सरी! घाबरू नका काका, पाठीवर मी लिहून देईन."

दोनदा वाचलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कपडे ऑप्शनल म्हणजे काय? मी सनीव्हेलला लेकीला फोन लावला. ऋता हसायलाच लागली. "आई, इट्स अ प्रोटेस्ट. बऱ्याच सिटीजमध्ये असते. लोक कपडे काढून सायकल चालवतात. म्हणजे गाड्यांपुढे आपलं शरीर किती नाजूक आहे ते दाखवायचं. पेट्रोलच्या अगेन्स्ट पण. इट्स नॉट, यू नो, डर्टी."

"आणि तुझे बाबा त्यात?"

"बाबा? वॉव! गुड फॉर हिम!"

हिचं काय जातंय वॉव म्हणायला! मी फोन ठेवला. मला ह्या लोकांच्या नागडेपणाचं काही नव्हतं, ज्याचं शरीर त्याचं. पण ज्या माणसानं बायकोपासून दहा महिने पाठ लपवली, तो अख्ख्या शहराला ती दाखवत फिरणार? आणि त्या पाठीवर अक्षरं कोण गिरवणार, तर मालिनी? आज मला एकच गोष्ट कळायला हवी होती, हा माणूस अजून माझा आहे की नाही.

देवासमोर दिवा लावून मगच निघावं म्हणून कपाट उघडलं आणि आणखी एक धक्का. खालच्या कप्प्यातलं सोवळं गायब! आमच्या लग्नात माझ्या वडिलांनी जावयाला दिलेला जांभळा रेशमी कद. सत्यनारायणाला नेसायचे, तोही गेल्या पाच वर्षांत नाही. मी तशीच माझ्या गाडीची किल्ली घेतली. दिवा लावायचा राहिलाच.

पत्ता मालिनीच्या मेसेजखालीच होता. नदीकाठच्या त्या पार्कात शेकडो माणसं होती. म्हातारी, तरुण, जाडी, काडी. कुणी पूर्ण उघडे, कुणी पोहण्याच्या कपड्यांत, एक बाई तर सत्तरीची, अंगावर फक्त हेल्मेट आणि चष्मा, आणि निवांत टायरमध्ये हवा भरत होती. एकमेकांच्या अंगांवर रंगानं लिहिणं चाललं होतं. कुणाच्या पोटावर तेलाचा निषेध, कुणाच्या छातीवर नुसताच बाण. पहिली दोन मिनिटं मी जमिनीकडे बघत चालले. मग कोण कुणाला बघतंय, असं लक्षात आलं आणि मान वर केली.

जांभळा रंग लांबूनच दिसला. हे एका झाडाखाली सायकल धरून उभे होते. कद नेसलेला, काष्टा घट्ट मारलेला, उजव्या पायाचा सोगा साखळीत जाऊ नये म्हणून माझे कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले. वर मात्र शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. शेजारी मालिनी, पोहण्याच्या निळ्या कपड्यात, हातात ब्रश आणि पांढऱ्या रंगाची वाटी.

"शोभा! तू इथे?"

"का? मला बंदी आहे? सगळ्या गावाला आमंत्रण, फक्त बायकोला नाही?"

मालिनी हसली. "बरं झालं आल्या शोभाताई. काका केव्हाचे शर्टच काढून नाही राहिले. काढा हो, मी पटकन लिहून देते." आणि तिनं ह्यांच्या कॉलरकडे हात पुढे केला.

"थांब!" माझा आवाज एवढा चढला की शेजारचे दोन उघडे पुरुष दचकले. "सोवळ्यात आहेत ते. शिवायचं नाही."

मालिनीचा हात तिथेच राहिला. नागपूरची असली तरी तिच्याही घरात आजीनं तिला हेच वाक्य शंभर वेळा ऐकवलं असणार. तिनं मुकाट्यानं हात मागे घेतला. आयुष्यभर मी ज्या सोवळ्याओवळ्याची चेष्टा केली, ते त्या दिवशी असं कामाला आलं.

"हे काय शोभा," हे पुटपुटले. "देवाधर्माचं नाही गं हे. पूर्ण कपडे काढायचं मला जमणार नव्हतं. आपल्याकडे पुरुष उघडा असूनही उघडा वाटत नाही, असं हे एकच वस्त्र. म्हणून आणलं."

"आणलंत ते आणलंत. आण गं तो ब्रश इकडे. माझ्या नवऱ्याच्या पाठीवर मी लिहीन."

मालिनीनं ब्रश दिला. पण हे दोन पावलं मागे सरकले आणि त्यांनी शर्टाचं वरचं बटण मुठीत धरलं.

"नको. तू घरी जा."

"तिनं लिहिलेलं चालतं आणि मी लिहिलेलं नाही?"

"तिला सवय आहे." मग खाली बघत म्हणाले, "तुला बघवत नाही."

"कोण म्हणालं?"

"तूच. हॉस्पिटलमध्ये, पहिलं ड्रेसिंग सोडलं तेव्हा. मी पालथा होतो, पण ऐकू येत होतं मला. 'मला बघवत नाही' म्हणालीस आणि निघून गेलीस."

मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणाले होते मी. अगदी हेच शब्द. त्या मांसाकडे बघून माझा जीव गलबलला होता, ह्यांना किती दुखत असेल ते मला सहन होईना, म्हणून म्हणाले होते. मग बाहेर जाऊन कोल्ड्रिंकच्या मशीनला टेकून अर्धा तास रडले होते. पण पालथ्या पडलेल्या माणसाला माझं रडणं कुठून दिसणार? त्यांनी शब्द ऐकले, आणि जाणारी पावलं ऐकली. किळस आली हिला, एवढं समजून गेले. आणि पुढचे दहा महिने मला त्रास नको म्हणून कडी लावत राहिले. मी वेडी त्या कडीच्या बाहेर बसून मालिनीला शिव्या देत होते.

"अहो," मी म्हणाले, "तुमचे हाल बघवत नव्हते हो मला. तुम्ही नाही. तुमचे हाल." एवढंच बोलता आलं, कारण पुढे रडूच फुटलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मालिनी कधी बाजूला जाऊन सायकलची घंटी पुसायला लागली होती, कळलंच नाही.

मग त्यांनी एकेक बटण सोडलं, शर्ट माझ्या हातात दिला आणि पाठ फिरवली.

बघितली मी. खांद्याच्या खालपासून कमरेपर्यंत गुलाबी, चकाकणारी कातडी, तिला अनारशासारखी जाळी पडलेली. कडेला एक जाड वळ. मी नजर हलवली नाही. बोटं टेकवली, तर ती जागा गरम होती आणि ते शहारले.

"तू शिवलीस," ते म्हणाले. "सोवळ्यात आहे मी."

"आहात तर आहात," मी म्हटलं.

"नव्या कातडीवर रंग नका लावू ताई," मालिनीनं लांबूनच सांगितलं. "वरती, खांद्यांवर लिहा." बरोबर होतं तिचं म्हणणं, आणि तेही मला आवडलं नाही. त्या जाळीच्या वर, ह्या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, मी देवनागरीत मोठ्ठी अक्षरं काढली. वर एक लांब शिरोरेघ ओढली.

"काय लिहिलंस? 'कॅन यू सी मी नाऊ' ठरलं होतं."

"घरी आल्यावर सांगीन. चला, निघताहेत सगळे."

घंट्या वाजल्या. तेवढ्या सगळ्या उघड्या माणसांच्या गर्दीत एक जांभळं सोवळं डुगडुगत निघालं आणि मग सरळ झालं. रस्त्याच्या कडेला माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गोऱ्या आजीनं विचारलं की त्या माणसाच्या पाठीवर काय लिहिलंय. मी सांगितलं, "इट सेज, आय अ‍ॅम लुकिंग." तिला वाटलं ते गाडीवाल्यांसाठी आहे. खूश होऊन तिनं टाळ्या वाजवल्या.

ह्यांच्या बरोब्बर मागे मालिनीची सायकल लागली होती. दहा मैल आता तिच्या डोळ्यांसमोर ती पाठ, आणि पाठीवर माझं अक्षर. 'मी बघतेय.' वाचत जा म्हटलं बाई. तुला मराठी येतं.