बॅटन कोणी पाडलं

आर्लीनने उघडं पुस्तक टेबलावर आपटलं. सरबताचा पेला हिंदकळला.

"सही हवीय. याच पानावर कर."

ड्रूसिला पिनकने पानाकडे पाहिलंसुद्धा नाही. जगज्जेती बाई ती. जमैकातल्या मे पेन गावच्या वाचनालयात तिच्या आत्मचरित्रासाठी अर्धा गाव लोटला होता. ती रांगेकडे बघून गोड हसली.

"बघा, कोण आलंय! जपून हं, आर्लीन. पुस्तक तरी पाडू नकोस."

रांग खिदळली. आर्लीनच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ती हलली नाही.

त्या पानावर त्यांच्या रिलेची गोष्ट होती. जागतिक स्पर्धेची अंतिम शर्यत, जमैका सगळ्यांच्या पुढे, आणि तिसरीच्या हातून चौथीच्या हाती जाताना बॅटनची दांडी जमिनीवर. मागची 'हात!' म्हणून ओरडली की पुढचीने न बघता हात मागे करायचा. तिसरीने उजवा, चौथीने डावा. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. ड्रूसिलाने लिहिलं होतं, मी डावा हात मागे केला होता, आर्लीनने बॅटन भलतीकडेच खुपसलं. ड्रूसिलाची जन्मभराची जागा तिसरी. नेहमीच्या चौथीची मांडी धरली म्हणून त्या दिवशी ड्रूसिला चौथी धावली आणि तिसऱ्या जागी राखीव आर्लीन आली. हे लिहायचं मात्र बाई सोयीस्कर विसरली. चित्रफितीत नेमकी शेजारच्या लेनमधली धिप्पाड अमेरिकन पोरगी आडवी येते, हात कोणाचेच दिसत नाहीत.

आर्लीन आता शाळेत मुलींना धावायला शिकवायची. पुस्तक आलं आणि आया कुजबुजू लागल्या, जिच्या हातून देशाचं पदक गेलं तिच्या हाती आमच्या पोरी कशाला द्यायच्या? निम्म्या पोरी मैदानावर यायच्या बंद झाल्या. मुख्याध्यापिकेने दुसरी शिक्षिका शोधायला घेतली.

"धडधडीत खोटं लिहिलंस," आर्लीन म्हणाली. "माझ्या पोटावर पाय दिलास."

"पुरावा आण, मग भांड. बाजूला हो आता, लोक ताटकळलेत."

ड्रूसिला उठली. आर्लीनकडे मुद्दाम पाठ करून पलीकडच्या छायाचित्रकारापुढे उभी राहिली. उजव्या हातात सहीचं पेन, डावा मोकळा. गाल फुगवून हसू लागली.

आर्लीनने पुस्तक उचललं. श्वास भरून घेतला आणि मैदानावर ओरडायची तशी ओरडली.

"हात!"

पेन फरशीवर पडून टेबलाखाली घरंगळलं. ड्रूसिलाचा हात ताठ मागे आला होता. पंजा उघडा, अंगठा बाहेर. उजवा.

छायाचित्रकाराने कॅमेरा खाली घेतला. रांगेतलं कोणी हसलं नाही. ड्रूसिलाने मान वळवून पाहिलं, ते आपल्याच हाताकडे. तो मागे घेण्याआधीच आर्लीनने त्यात पुस्तक ठेवलं होतं.

"घे. पाडलं नाही मी."

ती दाराकडे निघाली. रांगेतून एक बाई घाईने तिच्या आडवी आली. टॅनिशाची आई. पोरीला सर्वांत आधी हिनेच थांबवलं होतं.

"मिस आर्लीन, सोमवारपासून टॅनिशाला पाठवू का?"

आर्लीनने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पाठव," ती म्हणाली. "तू मात्र फाटकाबाहेर थांबायचं."