घरचा वकील

काकूंची लाँड्री कोपऱ्यावर होती. खाली दुकान, वर राहत्या दोन खोल्या आणि मधे इतका अरुंद जिना, की कपड्यांचं गाठोडं घेऊन चढताना काकूंना तिरकंच व्हावं लागे. नवरा गेल्यापासून दुकान त्या एकट्याच बघत. गिऱ्हाइकं त्यांना काकू म्हणत, गिऱ्हाइकांची मुलंही काकूच म्हणत.

जागा भाडेपट्ट्यावरची होती. पट्टा झाला सासऱ्यांच्या काळात आणि मुदत एवढी लांबलचक, की ती कधी संपेल हे कुणाच्या ध्यानीमनीच नव्हतं. आता ती संपत आली होती. वाढवून घेतली नाही तर दुकान आणि घर दोन्ही मालकाकडे परत जाणार होतं. मालक वाढवून द्यायला तयार होता, पण कागद रीतसर आणि मुदतीच्या आत व्हायला हवेत, यावर तो ठाम होता.

वकील शोधायची तसदी पडली नाही. काकूंच्या लेकीचे सासरेच जागांच्या कामातले नावाजलेले वकील. जावईसुद्धा त्यांच्याच ऑफिसात हाताखाली काम करायचा. व्याह्यांनी स्वतःहून फाइल मागून घेतली, घरचंच काम म्हणाले. फी मात्र समोरासमोर ठरली, आणि काकूंना ते आवडलं होतं. नात्यात पैशाचं आधीच बोललेलं बरं, असं त्यांना वाटलं.

बिल आलं ते ठरल्याच्या दुप्पट.

काकूंना आधी वाटलं, कुणाचं तरी दुसरंच बिल चुकून आलं. मग खाली जावयाची सही दिसली. त्यांनी लेकीला फोन लावला. लेक गॅलरीत येऊन हलक्या आवाजात बोलत होती, हे मागून येणाऱ्या वाहनांच्या आवाजावरून कळत होतं. तिने एकच सांगितलं, की हा विषय आईने काढू नये. घरात आधीच सासऱ्यांचं आणि नवऱ्याचं कामावरून वाजतं, त्यात आपलं माहेर नको. काकू बरं म्हणाल्या आणि दिवसभर चुकीच्या कपड्यांना चुकीच्या चिठ्ठ्या लावत राहिल्या.

दोन दिवसांनी त्या गुपचूप दुसऱ्या वकिलाकडे गेल्या. तो तरुण होता, बोलायला सरळ होता. हिशेब मिटल्याशिवाय आधीचा वकील फाइल सहजासहजी सोडणार नाही, आणि नव्याने सुरू केलं तर मुदत हातची जाईल, असं त्याने समजावलं. फीबद्दल तक्रार करायची सोय आहे, पण तिचा निकाल लागायला वेळ जातो, हेही सांगितलं. मग वकील कोण ते विचारलं. काकूंनी नाव सांगितलं, नातं सांगितलं. त्याने पेनाला टोपण लावलं.

"काकू," तो म्हणाला, "तुम्ही त्यांच्याशीच बोला."

म्हणून त्या व्याह्यांच्या ऑफिसात गेल्या. घरी नाही, ऑफिसातच, आणि तेही आधी वेळ घेऊन. बाहेरच्या बाकावर इतर पक्षकारांबरोबर बसल्या. जावई दोनदा समोरून गेला आणि दोन्ही वेळा त्याला काहीतरी तातडीचं आठवलं.

व्याह्यांनी उठून स्वागत केलं, चहा मागवला, विहीणबाई इथे कशाला, घरी यायचं, म्हणाले. काकूंनी बिल टेबलावर ठेवलं आणि वाढ कशाची ते विचारलं. ते जराही रागावले नाहीत. मालकाच्या वकिलाने मसुदा पुन्हा पुन्हा बदलला, दर वेळी तो वाचावा लागला, उत्तरं द्यावी लागली. हे काकूंना पटण्यासारखं होतं.

"आणि बिलातली ही बैठक?" त्यांनी विचारलं. "मी इथे आज पहिल्यांदाच येतेय."

"तुमच्या घरी झाली ना. नातीच्या वाढदिवसाला."

काकू बघतच राहिल्या. "त्या दिवशी तुम्ही जेवायला आला होतात."

"हो. आणि जेवताना तुम्ही पट्ट्याचं विचारलंत. मी तासभर समजावून सांगितलं." ते शांतपणे म्हणाले. "मी डोक्याने कमावतो, विहीणबाई. ते काही घरी ठेवून येत नाही."

त्या संध्याकाळी आपण यांना किती आग्रहाने वाढलं होतं ते काकूंना आठवलं. तरी त्या नेटाने म्हणाल्या, "जे ठरलं होतं ते देते. मसुद्याचं जास्तीचं कामही देते. जेवणाचं देणार नाही."

व्याह्यांनी खुर्चीत मागे रेलून हात जोडले. "मग काहीच देऊ नका. सगळं माफ. सुनेच्या आईकडून पैसे घेतले असं तरी व्हायला नको. पण घासाघीस मी करत नाही. एक तर पूर्ण, नाही तर काहीच नाही."

खोली लहान नव्हती, पण काकूंना ती जिन्याएवढी वाटली. काहीच दिलं नाही, तर ते माफ केलेलं लेकीच्या ताटात रोज वाढलं जाईल. सासरे बोलणार नाहीत, पण सासू बोलेल, नवरा भांडणात काढेल. काकूंना लेकीचा तो गॅलरीतला आवाज पुन्हा ऐकू आला.

"पूर्ण देते," त्या म्हणाल्या. "हप्त्याने चालेल?"

चालेल म्हणाले. पहिल्या हप्त्याची पावती लगेच दिली.

कागद मुदतीच्या आत झाले. काकूंनी सही केली, मालकाने केली, साक्षीदार म्हणून जावयाने केली. नवं इस्त्रीयंत्र घ्यायचं ठरलं होतं ते राहिलं आणि जुन्याचीच पुन्हा डागडुजी केली.

मग लेकीच्या सासूचा, विहीणबाईंचा, फोन आला. हे एवढ्या मोठ्या मनाने सोडत होते आणि तुम्ही पैसे तोंडावर फेकलेत, असं त्यांना लागलं होतं. आम्हाला परकं केलंत, म्हणाल्या. काकूंनी ऐकून घेतलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं आणि त्यातलं एकही वाक्य लेकीला न लागता त्या घरात शिरणार नव्हतं.

"चुकलं माझं," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी लेकीने फोन केला. "आई, तू माफी मागितलीस?"

"हो."

"का पण?"

"तू तिथे राहतेस म्हणून."

तिकडे लेकीला कुणीतरी हाक मारली असावी, ठेवते म्हणाली.

दुकानात एक जुनं गिऱ्हाईक कोट न्यायला आलं होतं. जागा जाणार अशी कुजबुज त्याने ऐकली होती, म्हणून त्याने काळजीने विचारलं. काकूंनी त्याला सांगितलं, की पट्टा तीस वर्षांसाठी वाढला.

"वा! म्हणजे आता तुम्हाला इथून कुणी हलवू शकत नाही," तो म्हणाला. "अभिनंदन, काकू."

काकूंनी कोटाची घडी सारखी केली, कागदात गुंडाळली आणि दोरा बांधायला घेतला.