बेण्याचं गिलकं

काकासाहेबांनी शहरात, पुंडलिकनगरात घर बांधून वास्तुशांत केली, ते २०११ साल. त्याच पावसाळ्यात, खुलताबादेजवळच्या खेड्यात, त्यांच्या आईच्या मोरीमागच्या वेलावर मी धरलो. मित्रांनो, मी एक जुनं, वाळलेलं गिलकं आहे. काही जण मला घोसाळं म्हणतात.

माझ्या वेलावर पुष्कळ भावंडं होती. कोवळेपणी तोडली त्यांची भाजी झाली, भजी झाली. जून झालेल्यांची साल काढली की आतून जाळी निघायची. ती जाळी आणि चुलीतली राख घेऊन काकासाहेबांची आई, मनकर्णाबाई, भांडी घासत. त्यांच्या पितळी तांब्यात शेजारणी तोंड पाहून घेत. मला मात्र कुणी तोडलं नाही. मी सरळ आणि लांब वाढलो, म्हणून मनकर्णाबाईंनी मला लाल चिंधी बांधली. चिंधीचं फळ बेण्याचं, बियांसाठी राखलेलं, त्याला हात लावायचा नाही, हे साऱ्या घराला ठाऊक होतं. मी वेलावरच वाळलो. मग त्यांनी मला चुलीच्या वर, धुराच्या वाटेत टांगलं. धुरानं बियांना कीड लागत नाही.

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. पोटात काळ्या बिया. वारा आला की खुळखुळ, कुणी दार आपटलं की खुळखुळ. मी थांबायला तयार होतो, बिया तयार नव्हत्या.

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. आड आटला, वेल वाळला. चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरीला असलेले काकासाहेब आईला न्यायला आले.

"माय, घोटभर पाण्यासाठी इथं कशाला बसती? चल."

मनकर्णाबाईंनी दोन लुगडी गाठोड्यात बांधली आणि मला पदराखाली घेतलं. हे बेणं त्यांच्या आईनं त्यांना सासरी येताना ओटीत घातलं होतं. गावात आता दुसऱ्या कुणाकडं ते उरलं नव्हतं. जे काही होतं ते माझ्या पोटात.

शहरातल्या घरात चूल नव्हती. सवयीनं मनकर्णाबाईंनी मला गॅसच्या शेगडीवर खिळ्याला टांगलं. पण मित्रांनो, गॅसला धूर नसतो. खालून कुकरची वाफ यायची, फोडणीचा तेलकटपणा यायचा. मी आतून दमट होऊ लागलो. सांगणार कुणाला?

त्यांची सून आशा हिरव्या प्लास्टिकच्या घासणीनं आणि लिंबाच्या वासाच्या लिक्विडनं भांडी घासायची. फेस भरपूर व्हायचा, आणि तो धुवायला पाणीही भरपूर लागायचं. नळ कधी येईल याचा तर नेम नव्हता. एकदा जेवताना काकासाहेबांनी दातातून हिरवा दोरा ओढला.

"आशा, हे काय गं?"

"कोथिंबीर असंल."

"कोथिंबीर तुटती. ही रबरावानी लांबायली."

मनकर्णाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. आशा चिडली. तिनं माझ्याकडं बोट केलं.

"मग ते वरचं गिलकं काढा ना, आत्याबाई. फुकटचं लटकायलंय. कापलं तर कितीक दिवस घासणीला पुरंल."

"हात लावू नको. त्यात बेणं हाय."

"बेणं हाय तर लावा की!"

"लावलं अन् पाण्यावाचून जळालं तर? पुन्हा कुठून आणू? माझी माय येणार हाय का द्यायला?"

वेलांच्या बिया लावायचा दिवस अक्षय तृतीयेचा. त्या दिवशी दर वर्षी मनकर्णाबाई मला काढत, कानाशी नेऊन हलवत, खुळखुळ ऐकत. मग अंगणातल्या रिकाम्या पिंपाकडं पाहत. "औंदा नाय," म्हणत आणि पुन्हा टांगत. एक दुष्काळ सरला असं वाटेपर्यंत दुसरा आला. समोरच्या मोकळ्या जागेवर इमारत उठू लागली. तिथं बोअर पाडणारं यंत्र दिवसभर धडधडे आणि मी खिळ्यावर थरथरे. ओरडावंसं वाटे, बाई, पुरे झालं, राखता राखता तुम्ही आम्हाला घालवाल.

२०१६ ची अक्षय तृतीया आली. गल्लीत टँकरवरून भांडणं चालली होती. मनकर्णाबाईंनी मला कानाशी हलवलं. आवाज आला नाही. पुन्हा हलवलं. त्यांचा चेहरा उतरला. विळीवर त्यांनी स्वतः माझं टोक कापलं, तर बुरशीचा वास आला. बिया एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा झाला होता.

"आशे, मीच मारलं गं हे. धुरात ठेवायचं म्हणून ठेवलं. इथं धूर कुठं हाय, एवढंबी कळलं नाय मला."

आता आशा टोचून बोलेल असं मला वाटलं. पण तिनं वाटीभर पाणी आणलं आणि बिया सोडवून त्यात टाकल्या. पोचट होत्या त्या तरंगल्या. थोड्या तळाशी गेल्या.

"ह्या जड हायेत, आत्याबाई. ह्या लावू."

"अन् पाणी?"

"भांड्यांचं घालू."

"त्या फेसाच्या पाण्यानं कोंब जळंल, बाई."

आशा मोरीकडं बघत राहिली.

"मग ते लिक्विडच नको," ती म्हणाली.

काकासाहेबांनी शहागंजातून रिठे आणले. ते भिजवून त्यांच्या पाण्यानं आणि माझ्या जाळीनं आशा भांडी घासू लागली. सुरुवातीला तिची फार चिडचिड व्हायची. "तेलाची कढई निघंना!" म्हणून ती मला आपटायची. "आधी कोंड्यानं पूस, मग घास," मनकर्णाबाई बाजेवरून सांगायच्या. त्यांना आता उठवत नव्हतं. भांडी धुतलेलं पाणी आशा बादलीत धरायची आणि कंपाउंडच्या कडेला केलेल्या आळ्यात ओतायची. मोरीच्या खिडकीतून मला ते आळं दिसायचं. किती दिवस माती नुसती ओली होत होती आणि वाळत होती. मग दोन कोंब वर आले. एक जळाला. एक कंपाउंडवर चढला.

मित्रांनो, मी आता झिजलो आहे, माझे धागे सुटत आले आहेत. मला फेकायचं तेव्हा कचऱ्याच्या पिशवीत कोंबू नका, मातीत टाका. मी तिथं कुणाला त्रास न देता मिसळून जाईन. आणि तुमच्या घरात कुणी काही जपून टांगलेलं असेल, तर वेळेवर उतरवून लावा. नुसतं राखून बी जगत नाही.

मनकर्णाबाई २०१६ च्या ऑगस्टमध्ये, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारल्या. वेलाला तेव्हा पिवळी फुलं आली होती. गिलकं धरलं नव्हतं.