चांद चौथा, तिथी सहावी

जगबुडी नदीच्या नकाशात माझा शेवटचा वीतभर कागद कोरा होता. तिथल्या डोहांची नावं फक्त गंगामावशीला ठाऊक. पूल व्हायच्या आधी तिने तरीवर तीस वर्षं होडी चालवली होती. आणि ती आज संध्याकाळी सहाच्या गाडीने मुलाकडे मुंबईला निघाली होती, कायमची.

मजीदचाचांनी होडी दिली, पण अट घातली. "भरतीची वेळ तू काढायचीस. अडकलो तर परत फिरायचं, आणि पुन्हा होडी मागायची नाही."

त्यात काय! माझ्या मैत्रिणीच्या, मनस्वीच्या बाबांनी शिकवलंय, तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ. चार गुणिले पाऊण, तीन वाजता. खुश!

तीनला दहा कमी असताना होडी वाळूत रुतली. पाणी घोटाभर.

"उतरून ढकलू?" मी विचारलं.

"ढकल की. मगरींना पण जेवायचंय," चाचा म्हणाले आणि वल्हं आत घेऊन बसले. "चला, फिरूया."

शेजारी बसलेली मनस्वी माझी वही बघत होती. "अगं, चार कुठून आणलेस? आज षष्ठी आहे!"

"आमच्या इस्लामी कॅलेंडरवर चांद चौथा आहे."

"चांद दिसल्यावर तुमची मोजणी सुरू होते, बावळट! आमची तिथी आधीच पुढे गेलेली असते."

माझे कान तापले. चाचा मिशीतल्या मिशीत हसत होते. म्हणजे त्यांना सकाळपासून माहीत होतं!

सहा गुणिले पाऊण. साडेचार.

"चाचा, फिरायचं नाही. पाणी अजून चढतंय. वेळ मी काढायची ठरलं होतं ना? मग आता काढली. साडेचार."

"आणि नाही आलं पाणी तर?"

"तर घरापर्यंत मी वल्हवते. एकटी."

त्यांनी माझ्या काडीसारख्या दंडांकडे बघितलं आणि बिडी पेटवली. मी होडीच्या कडेला पेन्सिलीने खूण केली. पाणी खुणेला लागलं. ओलांडून गेलं. चारला होडी हलली तेव्हा मनस्वी इतकी ओरडली की बगळे उडाले.

गंगामावशी घाटावर पिशवी घेऊन उभी. "आत्ता आलीस गो? काढ ती वही!" वही तिने हातात धरली नाही, बोटाने नदीच दाखवत गेली. सतरा नावं. मी लिहीत होते, हात दुखेपर्यंत.

ती गाडीला गेली. चाचांनी विचारलं, "आता परतीची ओहोटी कोण सांगणार?"

"मीच," मी म्हटलं आणि वल्हं उचललं.