सतरा नंबरचा नळ

"पिवळं झालं का रे?" ताईने ओट्याकडून विचारलं.

काचेच्या नळीत तिच्या नळाचं पाणी घेऊन, त्यात तपासणीच्या द्रावणाचे चार थेंब टाकून मी ती खिडकीच्या उजेडात धरली होती. पाण्यात जंतू मारायचं औषध शिल्लक असेल तर ते पिवळं होतं, नसेल तर जसंच्या तसं राहतं. नळी हलवून पाहिली, आणखी एक थेंब टाकला. काही फरक पडला नाही.

"नाही झालं."

"मग बरंच की. पिवळं पाणी कोण पिणार?"

"अगं, पिवळं व्हायला हवं. पिवळं झालं तर पाणी चांगलं."

"तुमच्या खात्याचं सगळंच उलटं," ती म्हणाली आणि उकळायला ठेवलेल्या पातेल्यावरचं झाकण उगाचच आपटलं.

उकळायचा तिला मनस्वी कंटाळा. पण गेल्या वर्षी तिला कावीळ झाली तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "या वेळी निभावलं. पुन्हा झाली तर यकृत साथ देईल असं वाटत नाही." भावजी जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. मी लहान असताना आई गेली आणि ताईनेच मला वाढवलं, त्यामुळे तिला रागावायची माझी प्राज्ञा नाही. तरी त्या दिवसापासून पाण्याच्या बाबतीत मी तिला रागावतो. ती माझ्यासाठी म्हणून उकळते, स्वतःसाठी नाही.

माझं काम म्हणजे नगरपालिकेसाठी पाण्याचे नमुने घेणं. ऑफिसात मला बाटलीमास्तर म्हणतात. नवा माणूस हे नाव ऐकून पहिले दोन दिवस माझ्या तोंडाचा वास घेत फिरतो. शहरात चोवीस ठिकाणं ठरलेली आहेत. ठरलेल्या नळावर जायचं, स्पिरिटचा बोळा पेटवून नळाचं तोंड भाजायचं, दोन मिनिटं पाणी सोडायचं, बाटली भरायची, चिठ्ठीवर ठिकाणाचा नंबर टाकायचा आणि बाटली बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत पोचवायची. बावीस वर्षं हेच करतोय.

ही चोवीस ठिकाणं माझ्या आधीच्या माणसाने ठरवली. त्याचे गुडघे दुखायचे, म्हणून सगळी मोठ्या रस्त्यावर, जिथे बसायला खुर्ची मिळेल अशी. सतरा नंबर म्हणजे ताईच्या भागातलं केशकर्तनालय. तिथे आरसा आहे, पंखा आहे, गप्पा आहेत. मला कधी वाटलंच नाही की यात काही चुकतंय, मीही त्याच खुर्चीत बसत आलो. मुख्य पाइप त्या दुकानासमोरून जातो. पुढे त्याला फुटलेली बारीक नळी गटाराला चिकटून गल्लीच्या टोकापर्यंत जाते आणि त्या टोकाला ताई राहते. तिथे कोणी बाटली घेऊन कधी गेलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो. माणूस सज्जन. ओरडत नाही, चहा पाजतो आणि हाती काही लागू देत नाही.

"साहेब, एक ठिकाण वाढवायचंय. पंचविसावं."

"कशाला?"

"गल्लीच्या टोकाला पाण्यात औषध पोचत नाहीये. नळी गटारात बुडालीय. तिथला नमुना नापास झाला तर खोदकामाला मंजुरी मिळेल."

"मिळेल ना. पण असं बघा, मास्तर, इतकी वर्षं आपण चोवीस ठिकाणांचा अहवाल देतोय. मध्येच पंचवीस केली की मागच्या आकड्यांशी तुलना होत नाही. वरून विचारतात, का वाढवलं? काही तक्रार आहे का?"

"तक्रार आहे. माझ्या बहिणीची."

"मग त्यांना अर्ज करू दे. रीतसर उत्तर जाईल."

ताईने अर्ज केला, म्हणजे मी लिहिला आणि तिने सही केली. तीन आठवड्यांनी रीतसर उत्तर आलं. 'आपल्या परिसरातील पाण्याची ठिकाण क्रमांक सतरा येथे नियमित तपासणी होत असून पाणी पिण्यास योग्य आहे.' तपासणी करणारा मीच. माझ्याच बाटल्यांनी माझ्या बहिणीला उत्तर दिलं होतं. ताईने तो कागद दोनदा वाचून घडी घालून डब्यात ठेवला.

मग मी एक गोष्ट केली. पुढच्या फेरीला केशकर्तनालयात गेलोच नाही. ताईच्या नळाचं तोंड भाजलं, दोन मिनिटं पाणी सोडलं, बाटली भरली आणि चिठ्ठीवर सतरा लिहिलं. दुसरा काही नंबर लिहायची सोयच नव्हती, यादीत नसलेली बाटली प्रयोगशाळा घेत नाही. मनात हिशोब सरळ होता. नमुना नापास होईल, धावपळ होईल, सगळा भाग खोदून बघतील आणि गटारातली नळी सापडेल.

दोन दिवसांनी प्रयोगशाळेच्या मॅडमचा फोन आला. "मास्तर, तुमचा सतरा नंबर भयंकर आलाय. मैल्यातले जंतू आहेत. असं कधी झालं नव्हतं."

इतकं वाईट ऐकून मला बरं वाटलं. त्याची आजही लाज वाटते.

धावपळ झाली खरी. पण नमुना नापास झाला की आधी त्याच ठिकाणचा दुसरा नमुना दुसऱ्या माणसाने, अधिकाऱ्यासमोर घ्यायचा, हा नियम वापरायची वेळ बावीस वर्षांत कधी आली नव्हती, मी तो विसरलोच होतो. साहेब स्वतः गाडीतून सतरा नंबरला आले. दुकानदाराने गिऱ्हाईक उठवून साहेबांना खुर्ची दिली. माझ्याऐवजी आलेल्या माणसाने नळीत चार थेंब टाकले आणि पाणी झकास पिवळं झालं. बाटलीचा निकालही स्वच्छ आला.

मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन दार लोटलं आणि सगळं सांगितलं. ती बाटली कुठली, नंबर का टाकला, सगळं.

साहेबांनी उठून दाराला कडी लावली. मग म्हणाले, "हे मला सांगितलंत ते ठीक. लेखी देऊ नका."

"का नको? लेखी दिलं तर निदान खोदतील."

"नाही खोदणार. खोट्या नंबरची बाटली म्हणजे ती बाटली झालीच नाही. पण तुमच्या बावीस वर्षांच्या बाटल्यांवर मात्र प्रश्न येईल. या माणसाने आणखी कुठले नंबर बदलले? तुमची नोकरी जाईल, मग ठिकाण वाढवा म्हणायलाही कोणी राहणार नाही." त्यांनी एक छापील कागद माझ्यासमोर सरकवला. "हात स्वच्छ न धुता नमुना घेतल्याने दोष आला, एवढंच लिहा. ताकीद मिळेल, बाकी काही नाही. पंचविसाव्या ठिकाणाचं मी पुढच्या वर्षी बघतो."

त्यांना माझं वाईट करायचं नव्हतं. एखादा दुष्ट माणूस समोर असता तर भांडता तरी आलं असतं. मी कागद वाचला. बावीस वर्षांत मी हात न धुता बाटलीला बोटही लावलेलं नाही. शेवटी पेन उचललं आणि सही केली.

महिनाअखेरीला तिमाही अहवाल लागला. चोवीसपैकी चोवीस ठिकाणी पाणी योग्य, एक नमुना हाताळणीतील चुकीमुळे रद्द. खाली दोन सह्या, साहेबांची आणि नमुने घेणाऱ्याची. अहवालाची एकेक प्रत प्रत्येक भागातल्या फलकावर लावतात. तो कागद कोणी वाचत नाही असाच माझा समज होता.

त्या रविवारी ताईकडे गेलो. तिने पाण्याचा पेला पुढे केला. मी सवयीने तळहाताने पेला चाचपला, थंडगार होता. ओट्याकडे पाहिलं तर पातेलं घासूनपुसून फळीवर उपडं ठेवलेलं.

"पाणी कधी उकळलंस?"

"नाही उकळत आता. शेजारीण म्हणाली, चौकात कागद लागलाय, तुझ्या भावाची सही आहे. मी मुद्दाम काठी टेकत जाऊन बघून आले." तिचा चेहरा फुलला होता. "सही अजून तशीच करतोस, शेवटी शेपूट काढून. मीच शिकवली होती."

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"न उकळता पितेस त्याला."

"झाले आठ-दहा दिवस. अरे, तोंड असं काय करतोस?"

मी पेला खाली ठेवला. "ताई, ते पाणी चांगलं नाही. जी बाटली रद्द झाली ती तुझ्याच नळाची होती. माझे हात स्वच्छ होते."

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी खोटं बोललो की अशीच बघायची.

"मग सही कशाला केलीस?"

केबिन, नियम, नोकरी, पुढचं वर्ष, असं बरंच काही सांगता आलं असतं.

"तू सही केलीस म्हणून मी प्यायले," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतं सांगितलं. मग पदराने ओटा पुसू लागली, जिथे काही सांडलं नव्हतं तिथेही.

मी फळीवरचं पातेलं काढलं.

आता रोज सकाळी कामाच्या आधी मी तिच्याकडे जातो. साबणाने हात धुतो, पातेलं भरतो, गॅस पेटवतो आणि खळखळ उकळी येईपर्यंत समोर उभा राहतो. ताईला उजेडात बसवून तिचे डोळे बघतो. ती म्हणते, "बघ, बघ. पिवळे झालेत का?" मी नाही म्हणतो, आणि अजून तरी ते खरं आहे. मग झाकण ठेवून पेटी उचलतो आणि सतरा नंबरला जातो. तिथे दोन मिनिटं पाणी सोडतो, नळीत चार थेंब टाकतो. पाणी पिवळं होतं. मी तसं लिहून घेतो.