शिसवी पट्ट्या

कासुर्डीच्या ऊसबागायतदार बापूसाहेबांनी पुण्यातल्या एका डॉक्टरची जुनी कॉन्टेसा घेतली, तेव्हापासून घरी आलेल्या माणसाला ते आधी गाडीत बसवत आणि मग चहा विचारत. डॅशबोर्डावर आणि दारांना आतून तपकिरी, रेषारेषांच्या पट्ट्या होत्या. त्यांवर बोटाने टकटक करून ते म्हणत, "अस्सल शिसव हाय. आता असलं लाकूड मिळत न्हाई."

ते प्लास्टिक आहे आणि वर लाकडाचं चित्र छापलेला पातळ पापुद्रा आहे, हे त्यांची सून अनुपमा हिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. ती बोलली नाही. त्या घरात तिचं कुठलंही बोलणं 'रंगाऱ्याची पोर' इथे येऊन संपत असे. तिचे वडील आनंदराव दौंडला रेल्वेत पेंटर होते. साहेबांच्या बंगल्यातल्या लोखंडी दारांवर ते असं सागवान उमटवत, की हाताला गार लागलं म्हणजे माणूस दचकायचा. बापूसाहेब त्यांना व्याही म्हणून पंगतीला बसवत, पण शेवटच्या ओळीत. आनंदरावही काही कमी नव्हते. "ऊस पाणी दिलं की वाढतो," ते लेकीला सांगत, "मानसाचं तसं नसतं."

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात बापूसाहेबांच्या भाचीचं लग्न शिरूरला ठरलं. साखर कारखान्याचे संचालक येणार, सगळी भावकी येणार, आणि नेमकी तेव्हाच पट्ट्यांची सालं निघायला लागली. कोपर टेकून टेकून दाराच्या पट्टीवर पांढुरके चट्टे पडले. अशा पट्ट्या आता येत नाहीत, असं पुण्याच्या दुकानदाराने सांगितलं.

"तुझ्या बापाला बोलाव," बापूसाहेब सुनेला म्हणाले. "निस्तं पॉलिश मारायचंय. दोन टाइम जेवाय घालू."

तिचा नवरा सत्यजीत शेजारीच उभा होता. तो चपलेने माती उकरत राहिला.

"आप्पा येणार नाहीत," अनुपमा म्हणाली. "मी करते."

"तू?"

"त्यांच्याच हाताखाली शिकलेय."

बापूसाहेब हसले. "कर. बिघडलं तर बापाचं नाव निघंल."

तिने स्क्रू काढून पट्ट्या सुट्या केल्या, ओट्यावर मांडल्या आणि पाणी लावून पॉलिश पेपर घासायला घेतला. तपकिरी पाणी ओट्यावरून खाली वाहिलं आणि खालून काळंकुट्ट प्लास्टिक वर आलं. बापूसाहेब बाहेर आले ते तिथेच थांबले.

"शिसव कुठं गेलं?"

"हेच होतं, मामा. प्लास्टिक."

"हळू बोल." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "आत घे ते."

"आत उजेड नाही," ती म्हणाली.

पट्ट्या घटकाभरात वाळल्या असत्या. तिने त्या दिवसभर ओट्यावरच ठेवल्या. डेअरीला दूध घालायला निघालेली माणसं थांबून बघत. भावकीतला जालिंदर तर कॅन खाली ठेवून ओरडला, "बापूसाहेब, शिसव करपलं व्हय?" बापूसाहेब दिवे लागेपर्यंत बाहेर आले नाहीत. लग्न होऊन आल्यापासून इतका बरा दिवस अनुपमाला आठवत नव्हता.

काम वाईट करून द्यायचं, असंही तिच्या मनात होतं. पण ब्रश हातात आला आणि ते जमेना. तिने आधी पिवळसर रंगाचा हात मारला. तो वाळल्यावर वरून पातळ काळपट तपकिरी रंग दिला आणि ओला असतानाच कोरड्या ब्रशने त्यात रेषा ओढल्या. बोटाला फडकं गुंडाळून लाकडात असते तशी एक गाठ काढली. शेवटी व्हार्निश.

"खरंच लाकूड वाटतंय गं," सत्यजीत म्हणाला.

"मग मामांना सांगा, हे कुणी केलं ते."

"त्यांना ठाऊक हाय की. लग्न हुस्तवर गप बस ना."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ब्रश धुवायला उठली. भांडण्याच्या लायकीचाही तो तिला वाटला नाही.

शिरूरच्या मांडवाबाहेर बापूसाहेबांनी एकेका पाहुण्याला गाडीपाशी नेलं. "जुन्या कारागिराकडनं पॉलिश करून आनलं. लाकूड मूळचंच." अनुपमा हातात अक्षता धरून चार पावलांवर उभी होती. त्यांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

आनंदरावही लग्नाला आले होते. परतताना त्यांना दौंडला सोडायचं ठरलं. सत्यजीत गाडी चालवत होता, पुढे बापूसाहेब, मागे बापलेक. न्हावरं गाव मागे पडल्यावर बापूसाहेब वळले.

"पाव्हणं, तुमी रंगातलं मानूस. सांगा बघू, तुमच्या दाराला ह्ये काय हाय?"

आनंदरावांनी चष्मा लावला. वाकून पट्टी पाहिली, गाठीवरून अंगठा फिरवला. आता आप्पा एका वाक्यात याची सालं काढतील, असं अनुपमाला वाटलं.

"शिसव हाय," आनंदराव म्हणाले. "अस्सल."

दौंडला त्यांची पिशवी घेऊन ती घरात गेली.

"आप्पा, ओळखलं नाहीत?"

"तुजा हात वळखनार न्हाई व्हय?"

"मग सांगितलं का नाही?"

"कुनाला सांगू? ज्याला रंग आन् लाकूड येगळं दिसत न्हाई, त्याच्यापुढं खरं बोलून माझं त्वांड कशाला विटाळू?" त्यांनी टोपी खुंटीला अडकवली. "आन् ती गाठ. शिसवात असली गाठ असती व्हय? सागवानाची काढून ठिवलीस. त्या घरात ऱ्हाऊन हात गेला तुजा."

अनुपमाच्या तोंडावर सपकन काही बसल्यासारखं झालं. पाणी पिऊन जा, असं ते म्हणत होते. ती पाणी न पिताच बाहेर पडली.

गाडी कासुर्डीच्या वाटेला लागली. मग बापूसाहेब पुढूनच म्हणाले, "तुझ्या बापाला पारख हाय बरं का."

इतक्या वर्षांत तिच्या वडिलांबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द होता.

"आहे ना," अनुपमा म्हणाली, आणि तिने खिडकीची काच खाली केली.