नऊ गावांची वाट

निरपराध असणे ही मनुष्याची सहज अवस्था होय. तिच्यासाठी त्याला काही करावे लागू नये. परंतु जेथे कातडीचा वर्ण पाहून प्रथम संशय घेतला जातो आणि कारण मागाहून शोधले जाते, तेथे निरपराध असणे हेदेखील एक नित्यकर्म होऊन बसते. ते वार्धक्यातही सुटत नाही. डीकन लूशियस टॉलिव्हर यांनी ते त्रेपन्न वर्षे निष्ठेने केले. त्यात त्यांची चूक कधी झाली नाही. ते केवळ थकले.

अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या उत्तरेस, विटांच्या एका बैठ्या घरात ते पत्नी अर्नेस्टीनसह राहत. चौतीस वर्षे त्यांनी शहराची बस चालवली होती, आणि बसच्या गणवेशात असताना त्यांना एकाही पोलिसाने अडवले नव्हते. स्वतःच्या मोटारीत बसले की तोच मनुष्य, तेच हात, तीच सावधगिरी. पण आपल्याला किती वेळा अडवले याची मोजदाद त्यांनी पन्नाशीतच सोडून दिली.

निवृत्तीनंतर त्यांनी एक व्रत घेतले होते. ज्या चर्चचे ते डीकन, म्हणजे सेवाधिकारी, होते तेथे वडीलधाऱ्या स्त्रियांना ‘मदर’ म्हणण्याची रीत आहे. त्यांतल्या ब्याऐंशी वर्षांच्या मदर ओडेसा गेन्स यांना ते आठवड्यातून तीनदा सकाळी डायलिसिसला नेत. अंतर अवघे सहा मैल. मात्र त्या सहा मैलांत नऊ गावे, आणि प्रत्येक गावाचे पोलीस निराळे. पाचवे गाव ब्रुकहॉलो. तेथून काळा मनुष्य सहसा न अडता जात नसे. म्हणून डीकन त्या गावाला वळसा घालीत. वीस मिनिटे अधिक लागत. ती त्यांनी आयुष्यात जमेस धरली होती.

या हिवाळ्यात त्यांचे कान मंदावले. डॉक्टरांनी श्रवणयंत्र दिले. आवाज लहानमोठा करायचा तर कानामागची कळ बोटाने दाबावी लागे. अर्नेस्टीनने ते पाहिले. पोलिसासमोर हात असा अचानक वर गेला तर? दुसऱ्याच दिवशी तिने नवऱ्याला घरापुढे उभ्या मोटारीत बसवले आणि स्वतः पोलीस होऊन काचेशी उभी राहिली.

“काच खाली घे!”

“खालीच आहे.”

“उलट बोलू नकोस. मी पोलीस आहे.”

“पोलीस सपाता घालून येत नाहीत, अर्नेस्टीन.”

“लूशियस, थट्टा नकोय मला. हात स्टिअरिंगवर. आता इंजिन बंद कर. हळू! आता सांग, लायसन्स कुठंय?”

“समोर, काचेवरच्या उन्हाच्या झडपेला लावलंय, साहेब. घेऊ का?”

“घे. दोन बोटांनी.”

त्यांनी सारे बिनचूक केले. “बघ, सगळं ऐकू येतं मला,” ते म्हणाले, “उगीच जीव टांगणीला लावतेस.”

तिचे समाधान झाले. तिचे हुकूम त्यांनी ऐकले नव्हते, तिच्या ओठांवरून ओळखले होते, हे तिलाही उमगले नाही आणि त्यांनाही नाही. सेहेचाळीस वर्षे जे मुख रोज पाहिले, ते वाचायला कानांची गरज उरली नव्हती.

पुढच्या बुधवारी वळशाच्या रस्त्यावर पाण्याची मोठी वाहिनी फुटली होती आणि रस्ता बंद होता. डीकन क्षणभर थबकले.

“मागं फिरायचं का, मदर?”

“मागं फिरून जाऊ कुठं, बाळा? सोमवारपासूनचं पाणी अंगात साठलंय माझ्या. चल सरळ. गाव त्यांचं असेल, रस्ता सगळ्यांचा आहे.”

ब्रुकहॉलोच्या दुसऱ्या चौकात मागे निळे दिवे लागले. डीकननी मोटार कडेला घेतली, काच उतरवली, हात स्टिअरिंगवर ठेवले. सारे पाठ होते. मात्र पोलीस अर्नेस्टीनसारखा समोर येऊन उभा राहिला नाही. तो त्यांच्या खांद्यामागे, दाराच्या खांबाआड थांबला. त्याचे मुख दिसेना. रस्त्यावरच्या वाहनांच्या घरघरीत त्याचा आवाज विरून गेला. इंजिन चालूच राहिले.

“डीकन, इंजिन बंद कर म्हणतोय तो,” शेजारून मदर म्हणाल्या.

“बाई, तुम्ही मध्ये बोलू नका!” पोलीस ओरडला.

त्या गप्प झाल्या. आज्ञा पुन्हा झाली असावी. डीकनना एवढेच कळले की काहीतरी मागितले जात आहे आणि आपण ते देत नाही. त्यांचा डावा हात स्टिअरिंगवरून उठला आणि कानाच्या दिशेने निघाला.

मदर ओडेसांना आरशात पोलिसाचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेलेला दिसला. साठ वर्षे चर्चमध्ये ध्वनिक्षेपकावाचून प्रार्थना सांगणारा तो कंठ होता.

“हा माणूस बहिरा आहे!” त्या गरजल्या. “ऐकू येत नाही त्याला! मला गप्प बसवायचं तर बसवा, पण आधी हे ऐका. बहिरा आहे तो!”

हात जागच्या जागी थिजले. डीकनचाही आणि पोलिसाचाही. मग पोलीस दोन पावले पुढे आला. जेमतेम पंचविशीचा, ओठ पांढरे पडलेला. आता डीकनना त्याचे शब्द दिसले.

“कानाकडे हात कशाला नेत होतास?”

“तुमचं ऐकायला, साहेब.”

त्यानंतर पस्तीस मिनिटे कागद तपासले गेले. काही निघाले नाही. दिवा न दाखवता मार्गिका बदलली, अशी तोंडी ताकीद मिळाली. चौतीस वर्षे बस चालवलेल्या त्या मनुष्याने ती मान खाली घालून घेतली.

डायलिसिस केंद्रात मदरची खुर्ची दुसऱ्याला दिली गेली होती. परिचारिकेने धावपळ करून दुसरी मोकळी केली; पण चार तासांच्या जागी अडीचच तास मिळाले. परतताना त्यांचे पाय सुजलेलेच होते आणि श्वास आखूड येत होता. तरीही त्या डीकनच्या घरी उतरल्या आणि स्वयंपाकघरात अर्नेस्टीनसमोर खुर्ची ओढून बसल्या.

“शुक्रवारपासून मी काउंटीच्या सरकारी व्हॅननं जाईन.”

“ती व्हॅन दोन-दोन तास येत नाही, मदर,” डीकन म्हणाले. “आज कमी पडलं, तर तुमचा श्वास लागलाय. रोज कमी पडलं तर?”

“आणि आज तू त्या रस्त्यात पडला असतास तर? हिला काय सांगितलं असतं मी?”

डीकननी यंत्र कानातून काढून टेबलावर ठेवले. “आता बोला काय बोलायचं ते.”

“लूशियस, घाल ते,” अर्नेस्टीन म्हणाली. ती त्यांच्या समोर येऊन उभी राहिली, म्हणजे त्यांना पाहावेच लागेल. “मी चालवते.”

“तू? तू शेवटची मोटार चालवलीस तेव्हा लायब्ररीचं कुंपण पाडलं होतंस.”

“कुंपणच पाडलं. माणूस नाही.”

“येशूबाप्पा,” मदर म्हणाल्या, “हिच्या शेजारी बसण्यापेक्षा मी पोलिसांच्याच गाडीत बसते.”

तिघेही हसले. हसणे ओसरले तेव्हा डीकन आपल्या हातांकडे पाहत राहिले. या हातांनी कुणाचा केस वाकडा होऊ दिला नव्हता. आता तेच हात बरोबरच्या माणसांना धोक्याचे झाले होते.

“मला येतं चालवायला,” ते हळूच म्हणाले. “एवढंच तर येतं.”

“ठाऊक आहे रे,” अर्नेस्टीन म्हणाली. “सगळ्या शहराला ठाऊक आहे.”

त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली.

शुक्रवारी अर्नेस्टीनने चर्चच्या गायनाचा सराव सोडला आणि ती चालकाच्या जागी बसली. एका रुग्णासाठी आता तीन वृद्ध माणसे निघत. डीकन तिच्या शेजारच्या आसनावर बसून रस्ता वाचीत होते. “दिवा दाखव. आता वळ. घाई नको.” तिनेही वाद घातला नाही. ब्रुकहॉलोच्या हद्दीबाहेरून जाणाऱ्या वळशावरही एक पोलिसांची गाडी मागे लागली आणि मैलभर मागेच राहिली. त्या मैलात अर्नेस्टीनने वेगाचा काटा हलू दिला नाही. मग ती गाडी एका गल्लीत वळून गेली. त्या दिवशी मदर ओडेसांना चार तास पूर्ण मिळाले.

त्या माउलीचा श्वास मोकळा राहो. ज्याने किल्ली दिली आणि जिने ती घेतली, त्या दोघांना एकमेकांचे मुख दीर्घकाळ वाचता येवो. त्या तरुण पोलिसाच्या हातालाही भयापासून मुक्ती मिळो; आणि नऊ गावांची ती वाट कधीतरी केवळ सहा मैलांची होवो.